गोधडीत किती पिकलं

त्या घरात पंधरा दिवसांपासून दोन आकडे राहत होते आणि एकमेकांना तोंड दाखवत नव्हते. एक तिच्या पोटात, एक नवऱ्याच्या. दोघंही एकाच अणुभट्टीच्या आवारात रसायनतज्ज्ञ. ती उत्तरेकडच्या प्रयोगशाळेत, तो दक्षिणेकडच्या. भट्टीतून काढलेल्या एकाच कांडीचे दोन तुकडे दोघांकडे मोजायला दिले होते. नियम जुना आणि कडक. दोन्ही प्रयोगशाळांनी आपापलं मोजायचं, आकडा लिफाफ्यात घालून सीलबंद करायचा, आणि लिफाफे उघडेपर्यंत या विषयावर एकमेकांशी चकार शब्द काढायचा नाही. कॅन्टीनमध्येसुद्धा वेगळ्या टेबलांवर बसायचं. नियम करणाऱ्यांनी सगळा विचार केला होता. फक्त दोन प्रयोगशाळांतली माणसं एका पलंगावर झोपत असतील, हे काही त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं.

आणि नवरा शीळ घालत होता!

त्या गुरुवारी सकाळी ती चहा गाळत होती, आणि न्हाणीघरातून दाढीच्या ब्रशाच्या खसखशीबरोबर त्याची शीळ येत होती. सूर कधीच बरोबर लागायचा नाही, पण उत्साह असा की जसं काही घरात आजच लग्न आहे. तिच्या हातातली गाळणी कपावर आपटली आणि चहा ओट्यावर सांडला.

"तुमचं काही बिनसलंय का गं?" सासूबाईंनी विचारलं. त्या टेबलाशी बसून वर्तमानपत्रातलं कोडं सोडवत होत्या.

"नाही हो आई."

"मग तो एवढा खुशीत, आणि तू अशी एरंडेल प्यायल्यासारखी का?"

सासूबाई चौतीस वर्षं शाळेत शिकवत होत्या. परीक्षेच्या हॉलमध्ये नुसती चक्कर मारून कुणी कुणाचं बघून लिहिलंय ते त्या सांगायच्या, असं गावभर नाव होतं. त्यांच्या नजरेसमोर बसायचं म्हणजे तिला घाम फुटायचा.

"कामाचं टेन्शन आहे," ती म्हणाली. हे खोटं नव्हतं.

नवरा बाहेर आला. गालावर साबणाचा ठिपका तसाच. "काय बाईसाहेब! आज लिफाफ्याचा दिवस. पाच वाजायच्या आत टाका हं पेटीत. नाहीतर उत्तरेवाल्यांची नेहमीची बोंब." तो हसला आणि तिच्या खांद्यावर टपली मारून बसला.

तिने त्याच्याकडे बघितलं. हा माणूस कसली म्हणून गोष्ट लपवू शकत नसे. तिच्या वाढदिवसाची भेट दरवर्षी चार दिवस आधीच तिला कळायची, कारण तो येता-जाता दात काढत फिरायचा. बावीस वर्षांच्या संसारात त्याने एकदाही धड गुपित ठेवलं नव्हतं. आणि आता हा गेले पंधरा दिवस शीळ घालतोय, खिडकीची मोडकी कडी दुरुस्त करतोय, आईला विनोद सांगतोय. याचा अर्थ एकच होता. त्याचा आकडा एकच्या वर आला होता.

तिचा एकच्या खाली होता.

आता हा एक म्हणजे काय, ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं सगळं बिनबुडाचं वाटेल. साध्या अणुभट्टीत युरेनियम जळतं असं आपण म्हणतो, पण खाणीतून काढलेल्या शंभर भागांतला एक भागही धड जळत नाही. उरलेले नव्व्याण्णव नुसते धोंड्यासारखे पडून राहतात. शंभर पोती घरी आणायची, एकाचा स्वयंपाक करायचा आणि बाकीची अंगणात रचून ठेवायची, असला उधळा संसार. या भट्टीची तऱ्हा वेगळी होती. हिच्या गाभ्यात प्लुटोनियम जळायचं, आणि गाभ्याभोवती त्या पडीक युरेनियमच्या कांड्यांचा थर रचलेला असायचा. गाभ्यातून उडालेले कण त्या थरात घुसले की पडीक मालाचं नवं प्लुटोनियम व्हायचं. ते काढून पुन्हा गाभ्यात घालायचं. असं फिरवत राहिलं तर त्याच शंभर पोत्यांतून पन्नास-साठपट ऊर्जा निघते. कागदावर अशा भट्टीला प्रजनक भट्टी म्हणतात. हे नाव ऐकून गुरांच्या दवाखान्याचीच आठवण येते, म्हणून कामगार तिला नुसती 'भट्टी' म्हणत, आणि भोवतीच्या थराला 'गोधडी'.

सगळी मेख एका भागाकारात होती. जळलं किती आणि नवं पिकलं किती? विरजणासारखं आहे हे. आज लावलेल्या दह्यातून उद्यापुरतं विरजण उरलं पाहिजे, तर घर चालतं. एकास एक किंवा त्याहून जास्त पिकलं तर भट्टी स्वतःचं पोट स्वतः भरते. एकच्या खाली आलं की दरवेळी बाहेरून थोडं घालत राहावं लागतं. तसंही ती साध्या भट्टीपेक्षा कितीतरी जास्त ऊर्जा काढते, पण मग ज्यासाठी एवढा खटाटोप केला ते काही साधत नाही. वरच्यांनी स्पष्ट सांगितलं होतं, आकडा एकच्या वर आला तर दुसरी भट्टी बांधू. नाहीतर ही आहे तेवढी चालवू आणि नंतर बंद.

तो भागाकार तिने पंधरा दिवसांपूर्वी केला होता. शून्य पूर्णांक नऊ सात दोन. तिने तो तीनदा केला. तिन्ही वेळा तेच.

पण तिला जे खात होतं ते भट्टीचं भवितव्य नव्हतं. खरं सांगायचं तर ती स्वतःसाठी घाबरली होती. अकरा वर्षांपूर्वी असेच दोन लिफाफे उघडले होते आणि दोन आकडे जुळले नव्हते. तेव्हा चूक तिची निघाली. चार महिन्यांचं काम पुन्हा करावं लागलं. कुणी तिला एका शब्दानेही बोललं नाही, तेच वाईट. बोलले असते तर तिने उत्तर दिलं असतं. तेव्हापासून तिच्या प्रत्येक कागदावर दुसऱ्या कुणाची तरी तपासणीची सही असायची. आवारात तिला 'चिमटी' म्हणत, कारण चिमटीत धरून मोजावं तसं ती प्रत्येक गोष्ट मोजायची. पण हे नाव तिने त्या चुकीनंतर कमावलं होतं, भीतीने. आता पुन्हा उद्या अकरा वाजता सगळ्यांसमोर तिचा लिफाफा वेगळा निघणार, आणि तोही नवऱ्याच्या विरुद्ध. हे तिला सोसवलं नसतं.

प्रयोगशाळेत पोचल्यावर तिने नोंदवही उघडली आणि बंद केली. पुन्हा उघडली. मग उठून खिडकीशी गेली, परत आली, खुर्ची पुढे ओढली, मागे ढकलली. जागेवर पाय ठरत नव्हता.

कारण एक वाट होती. आकडा हातात आला तेव्हाच तिला ती दिसली होती.

मोजणी अशी असते. कांडीचा तुकडा आम्लात विरघळवायचा. त्यातला एक थेंब घ्यायचा. त्यात मापाच्या बाटलीतलं थोडं द्रावण घालायचं. या बाटलीत नेमकं किती प्लुटोनियम आहे ते लेबलवर लिहिलेलं असतं. मग मिश्रण यंत्रात घालायचं, आणि ओळखीचं किती, अनोळखी किती, त्या प्रमाणावरून थेंबात किती होतं ते कळतं. सगळी भिस्त त्या मापाच्या बाटलीवर. तिच्यातलं पाणी उडालं तर आतलं द्रावण लेबलपेक्षा कडक होतं, आणि मोजणारा आपला माल आहे त्याहून कमी दाखवून बसतो. म्हणून शिस्त अशी की बाटली बंद केली की तिचं वजन लेबलवर लिहायचं, आणि पुढच्या वेळी उघडायच्या आधी पुन्हा वजन करायचं. दोन वजनं जुळली तरच झाकणाला हात लावायचा.

मोजणीला हात घातला त्या मंगळवारी तिने बाटली उघडण्याआधी वजन केलं नव्हतं.

चिमटीने! जिने चहाच्या पावडरीचा चमचासुद्धा काठोकाठ सपाट केल्याशिवाय डब्याबाहेर काढला नसता, तिने! काम काचेच्या पेटीत चालायचं, भिंतीतून आत गेलेल्या जाड रबरी हातमोज्यांत कोपरापर्यंत हात घालून. वजनकाटा पेटीच्या पलीकडच्या टोकाला. सकाळपासून उभं राहून तिची कंबर धरली होती. बाटलीचं लेबल पाच महिन्यांपूर्वीचं, तिच्याच अक्षरातलं. काय होणार आहे, असं म्हणून तिने थेट झाकण फिरवलं. झाकण इतकं घट्ट की जोर लावता लावता मनगटात कळ आली. शेवटी उघडलं. हवं तेवढं द्रावण तिने काढून घेतलं, काढलेलं वजन लिहिलं, आणि तेवढ्यात फोन वाजला.

फोन थोरल्यांचा होता. थोरले म्हणजे या भट्टीचा गाभा ज्यांनी आखला ते. एकतीस वर्षं त्यांनी दुसरं काही केलं नव्हतं. पुढच्या वर्षी निवृत्त. मोजणी चालू असताना त्यांनी फोन करणं नियमाला धरून नव्हतं, त्यांनाही ते माहीत होतं.

"काही विचारत नाही हो बाई," ते म्हणाले. "सगळं ठीक चाललंय ना, एवढंच."

"ठीक आहे, सर."

"बरं, बरं. ठेवतो." आणि तरी दोन मिनिटं ठेवला नाही.

या फोनसाठी तिने हात हातमोज्यांतून उपसून काढले होते, आणि त्याआधी झाकण कसंतरी फिरवून ठेवलं होतं. वाकडं. बाटली गरम हवेच्या नळीजवळच्या फळीवर राहिली, बंद केल्यावरचं वजनही राहून गेलं. नऊ दिवसांनी, आकडा हातात आल्यावर, ती बाटलीकडे परत गेली तेव्हा लेबलवरच्या वजनातून काढलेलं वजा केल्यावर जे उरायला हवं होतं त्याहून दोन ग्रॅम कमी भरलं. पन्नास ग्रॅममध्ये दोन ग्रॅम. म्हणजे शेकडा चार.

हे दोन ग्रॅम पाणी कधी उडालं? तिने उघडण्याआधीच्या पाच महिन्यांत, की नंतरच्या नऊ दिवसांत? नंतर उडालं असेल तर तिच्या आकड्याला त्याचं काही देणंघेणं नव्हतं, तो नऊ सात दोनच राहणार. आधी उडालं असेल तर आकडा शेकडा चारने वाढवायचा. एक पूर्णांक शून्य एक एक. एकच्या वर.

कागदावरून कुणीही सांगू शकलं नसतं. असं झालं तर टीप लिहून दुरुस्ती करायला नियमात मुभा होती. तपासणाराही म्हणाला असता, पाच महिने कुठे आणि नऊ दिवस कुठे, आधीच उडालं असणार. फक्त तिला माहीत होतं की झाकण दगडासारखं घट्ट होतं. अशा झाकणातून पाच महिन्यांत काय, पाच वर्षांतही दोन ग्रॅम जात नाहीत. त्या रात्री मनगटाला बाम चोळत बसली असताना नवऱ्याने विचारलंही होतं, काय झालं, आणि ती म्हणाली होती, काही नाही, झोपेत वळलं असेल.

चार वाजेपर्यंत तिने काही केलं नाही. जेवायला गेली, ठरल्याप्रमाणे उत्तरेच्या टेबलावर बसली. दक्षिणेच्या टेबलावरून नवऱ्याचा हसण्याचा आवाज सगळ्या हॉलभर येत होता. कुणाला तरी तो काहीतरी रंगवून सांगत होता, हात उडवून.  एवढा निर्धास्त माणूस चुकलेला असू शकतो का? त्याचा हात तिच्यापेक्षा सरस होता, हे सगळेच म्हणत. ती स्वतःही म्हणायची. मग चूक कुणाची असणार? पुन्हा तिचीच. कदाचित झाकण घट्ट नसेलच. कदाचित हातमोज्यामुळे घट्ट वाटलं असेल. रबराचा काय भरवसा? बाम काय, माणूस केव्हाही चोळतो.

असं स्वतःला पटवायला तिला पंचवीस मिनिटं लागली. फार नाही लागली, हे तिच्याही लक्षात आलं, आणि तिने ते लक्ष दुसरीकडे वळवलं.

नोंदवहीत एक रकाना होता: उघडताना झाकण सैल की घट्ट? त्या दिवशी तो रिकामाच राहिला होता. तिने लिहिलं, "नीट आठवत नाही." खाली टीप लिहिली. आकडा दुरुस्त केला. तपासणाऱ्याने टीप वाचून सही केली. लिफाफ्याला लाख लावताना लाखेचा डाग टेबलावर पडला. पाचला दहा मिनिटं कमी असताना तिने लिफाफा पेटीत टाकला.

हलकं वाटेल अशी तिची कल्पना होती. वाटलं नाही. घरी जाऊन तिने तीच तीच चादर दोनदा झटकली. सासूबाई म्हणाल्या, "अगं, काय मेली ती चादर तुझं खाते का?" नवरा फुटाण्यासारखा उडत होता, भाजी चिरता चिरता बोट कापून घेतलं आणि त्यावरही हसला.

शुक्रवारी अकराला बैठकीच्या खोलीत दहा-बारा जण जमले. लांबट टेबल, पाण्याचे ग्लास, खिडकीचा पडदा अर्धवट ओढलेला. टेबलाच्या या बाजूला उत्तरेचे, त्या बाजूला दक्षिणेचे. नवरा तिच्या बरोबर समोर, बोटाला पट्टी. मधोमध थोरले. त्यांनी कोट घातला होता. एरवी ते कोट घालत नसत.

"दक्षिणेचा आधी," ते म्हणाले आणि लिफाफा फोडला. वाचलं. चष्मा काढला, पुन्हा लावला. मग अगदी साध्या आवाजात म्हणाले, "शून्य पूर्णांक नऊ सात दोन."

तिला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. तिने नवऱ्याकडे बघितलं. तो टेबलाकडे बघत होता. चेहऱ्यावर हसू नव्हतं, आणि हसू नसलेला तो चेहरा तिने पंधरा दिवसांत पहिल्यांदाच बघितला. थकलेला, ओढलेला, डोळ्यांखाली काळं. हे इतके दिवस होतंच तिथे. तिने बघितलं नव्हतं.

नऊ सात दोन. शेवटच्या अंकापर्यंत तिचाच.

"उत्तरेचा," थोरले म्हणाले. लिफाफा फोडताना त्यांचा अंगठा अडखळला. आणि मग त्यांचा आवाज एकदम वर चढला. "एक पूर्णांक शून्य एक एक!"

खोलीत गलका झाला. कुणीतरी टेबलावर थाप मारली. "जुळत नाहीत! म्हणजे फेरमोजणी!" फेरमोजणी म्हणजे नवी कांडी काढायची, ती थंड होऊ द्यायची, पुन्हा कापायची. आठ महिने. आठ महिने दुसऱ्या भट्टीची फाईल बंद होणार नव्हती. लोकांच्या चेहऱ्यावर जीव आला होता. थोरले दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून बघत होते आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, उघड उघड.

"बाई," ते म्हणाले, "तुमचा बरोबर निघाला तर..." 

तिच्या डोक्यात एकच गोष्ट सरळ उभी राहिली. गप्प बसलं तर काही होत नाही. आठ महिन्यांनी तिसरा आकडा येईल, तेव्हाचं तेव्हा. टीप लिहिलेली आहे, सगळं नियमात आहे. या खोलीतल्या प्रत्येक माणसाला आज तिने गप्प बसायलाच हवं आहे.

आणि तेवढ्यात नवऱ्याने हात वर केला.

"सर, माझ्याकडून गडबड झाली असणार," तो म्हणाला. "फेरमोजणी कराच, पण लिहिताना तसं लिहा. उत्तरेचा आकडा धरा. तिचा हात पक्का आहे. मला माहीत आहे ना, ती किती तपासते ते. चुकायचंच असेल तर मीच चुकलोय."

त्याने हे एका दमात म्हटलं, आणि मग तिच्याकडे बघून किंचित मान हलवली. घाबरू नकोस, अशी. अकरा वर्षांपूर्वी काय झालं होतं ते त्याला माहीत होतं. पुन्हा तसं होऊ नये म्हणून सगळ्यांसमोर त्याने स्वतःच्या कामावर पाणी सोडलं होतं, आणि त्याला क्षणसुद्धा लागला नव्हता.

ती उभी राहिली. खुर्ची मागे पडली, ती कुणी उचलली नाही.

"माझा आकडा खोटा आहे," ती म्हणाली.

"म्हणजे?" थोरल्यांनी विचारलं.

"मला नऊ सात दोनच मिळाला होता. मी काल बदलला. मापाच्या बाटलीतलं पाणी उडालं होतं. आधी उडालं असं मी लिहिलंय. ते नंतर उडालं. झाकण घट्ट होतं. मला आठवत नाही असं लिहिलंय, पण मला चांगलं आठवतंय. ते उघडताना माझं मनगट दुखावलं होतं. नोंदवहीत पहिला आकडा आहे, बघा. मी खोडलेला नाही."

 मघाशी टेबलावर थाप मारणाऱ्याचा हात तसाच टेबलावर होता.

"पण का, बाई?" थोरल्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. "माझ्यासाठी केलंत का? मी फोन केला म्हणून?"

हो म्हणता आलं असतं. तेवढ्याने निम्मं झाकलं गेलं असतं. "नाही सर," ती म्हणाली. "हा घरी खुशीत होता. शीळ घालत होता. मला वाटलं, याचा एकच्या वर आला असणार. मला पुन्हा एकटीला चुकीचं ठरायचं नव्हतं."

टेबलाच्या टोकाला कुणीतरी फिस्सकन हसलं आणि लगेच खोकल्याचं सोंग आणलं.

थोरले नवऱ्याकडे वळले. "आणि तुम्ही? एक मिनिटापूर्वी तुम्ही म्हणालात, माझं चुकलं. आता मी काय लिहू?"

नवऱ्याने समोरचा पाण्याचा ग्लास बाजूला सारला. मग म्हणाला, "चुकलं नाही सर. माझा आकडा बरोबर आहे. मी चार वेळा मोजलाय."

"मग मघाशी?"

"ते तिच्यासाठी म्हटलं."

थोरल्यांनी मान हलवली. तिने पेन काढून आपल्या कागदावरचा आकडा एका रेघेने खोडला, खाली जुना लिहिला, सही केली. थोरल्यांनी दोन्ही कागद एकत्र टाचले. दोन्ही आकडे जुळले होते. फेरमोजणीची गरज उरली नव्हती. दुसऱ्या भट्टीचीही. ते कागद हातात घेऊन उठले, दाराशी गेले, परत वळून म्हणाले, "सत्त्याण्णव म्हणजे काही अगदीच कमी नाही हो." कुणाला म्हणाले ते कळलं नाही. मग गेले.

बाकीचे एकेक करून उठले. तिच्या जवळून जाताना सगळे जरा लांबून गेले. शेवटी खोलीत दोघंच राहिली, टेबलाच्या दोन बाजूंना.

"तू शीळ का घालत होतास?" तिने विचारलं. तिला ते विचारल्याशिवाय राहवेना.

"तुला कळू नये म्हणून," तो म्हणाला. "माझं तोंड उतरलं असतं तर तू लगेच ओळखलं असतंस. म्हटलं, एवढं एक तरी नीट लपवू. नियम आहे. पंधरा दिवस जीव घुसमटला माझा, पण म्हटलं, तिच्या मोजणीत आपला चेहरा यायला नको." तो बोटाची पट्टी सारखी करत होता. "मला वाटत होतं, मला जमलं."

"मला माफ कर," ती म्हणाली.

तो उठला, टेबलाला वळसा घालून आला आणि तिची खुर्ची उचलून सरळ ठेवली. "आता इथून पुढे," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज फाटला, "तू मला बरोबर आहेस म्हणालीस, तर मी कसं समजू, की ते तू मोजून म्हणतेयस?"

  तो दार उघडून दक्षिणेच्या दिशेने चालू लागला, आणि पहिल्यांदाच तिला त्याच्या पाठीवरून काहीच ओळखता आलं नाही.